मुदत संपलेले सहा आकडे

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठिणगे,

फाडायच्या आधी वाच. फाडल्यावर वाचायचं म्हटलं तर चिकटपट्टी शोधावी लागते, आणि घरात असताना तुला स्वतःची चप्पल कधी जागेवर सापडली नाही.

मी सांगतेय आणि खालची मोबाइल दुरुस्तीवाली लिहितेय. तीच, चष्मा कपाळावर ठेवून गावभर चष्मा शोधणारी. (हेही लिही म्हटलं तिला. तोंड वाकडं केलं, पण लिहिलं.) मंगळवारी तिचं दुकान बंद असतं. शटर अर्धं खाली ओढून आम्ही दोघी आत स्टुलांवर बसलोय, मधे तिचं ते टेबल, त्यावर पोटं फाडलेले पाच फोन. मी तिला एकच अट घातलीय. मी बोलेन ते लिहायचं, मधे आपलं डोकं घालायचं नाही. तिनं मान डोलावली. गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायची तिला सवय आहे, त्यामुळे बरं चाललंय.

फोनवर बोललेलं आपोआप लिहून निघतं, हे तू सांगायला नको. करून पाहिलं. पण तो लिहितो आणि माझ्याचपुढे धरतो. मला अक्षर येत नाही, मी काय तपासणार? माझ्या नावावर त्यानं काय खपवलं ते देव जाणे. माणूस निदान खोटं लिहिताना थांबतो.

शिवाय फोनची वाट तू बंद केलीस. मला वर्षभर कळलं नाही, हसू नकोस. अक्षर येत नसलं तरी रेघा मला येतात, तूच शिकवल्यास. एक रेघ म्हणजे निरोप निघाला, दोन म्हणजे पोचला, दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे ऐकला. तुला पाठवलेल्या प्रत्येक निरोपावर एकच रेघ. मी आपली म्हणायची, पोरीकडे रेंज नसेल. रेंज नसलेल्या जागी वर्षभर कोण राहतं, हा प्रश्न मला पडला नाही. दुकानवालीनं शेवटी चष्मा डोळ्यांवर आणला, रेघ बघितली आणि म्हणाली, आजी, रेंज आहे, तुम्ही नाही. ब्लॉक केलंय.

पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही म्हणून हा कागद. पत्ता मी हिच्याकडून काढला. तुझा दुरुस्त केलेला फोन हिनंच तिकडे पाठवला होता, त्याची पावती राहिली होती. तिला दोष देऊ नकोस. मी तिच्या काउंटरपुढे तीन दिवस बसून होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की इथे काच नीट बसत नाही.

आता कामाचं. माझा फोन मेला. बॅटरी फुगली, मागचं झाकण गरोदर बाईसारखं वर आलं. मी उशीखाली ठेवून चार्जिंगला लावायचे. तू दहा वेळा सांगितलं होतंस, आजी, उशीखाली उष्णता कोंडते. अकराव्यांदा सांगायला तू नव्हतीस. दुकानवाली म्हणते नशीब, पेटला नाही. आत आता काही उरलेलं नाही, पण सगळ्याची नक्कल वर कंपनीकडे आपोआप जपली जाते, खात्यात. नवा फोन घेतला की खातं उघडायचं, सगळं परत येतं. ते खातं मात्र तू माझ्यासाठी काढलंस आणि त्याला नंबर लावलास तुझा. उघडायला गेलं की सहा आकडी कोड तुझ्या फोनवर जातो.

आत काय आहे ते तुला माहीत आहे. सहा वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत तू ऑफिसातून मला जो निरोप बोलायचीस, ते सगळे. बाकीच्यांना पत्रं असतात. कपाटात ठेवतात, पुन्हा काढून वाचतात. मला तेवढंच आहे. तू नवे पाठवायचे नाहीत हे ठरवलंस, तर मला जुने हवेत. आणि वेळ कमी आहे. खातं पुष्कळ दिवस उघडलं नाही की कंपनी ते पुसते, असं दुकानवाली म्हणते.

तेव्हा एवढं कर. आत्ता तिनं बटण दाबलंय, तुझ्या फोनवर सहा आकडे आले असतील. ते कागदावर लिही आणि पाकिटात घालून पाठव. आकडे मला येतात. दुसरं काही लिहू नकोस हवं तर.

त्या दिवसाबद्दल एकदाच बोलते. तुझा निरोप आला, की दूरच्या शहरात मोठी नोकरी लागली, शुक्रवारी निघतेय, बाबांना गाडीत बसल्यावर कळवीन, तोवर तोंड उघडू नकोस. मी तोंड उघडलं नाही. बोट घसरलं. फोन नुकताच अपडेट झाला होता, सगळी चित्रं खालीवर झाली होती, आणि तुझा निरोप घरच्या ग्रुपवर गेला. पुढचं तुझ्या बापानं केलं. तुझे शिक्षणाचे, ओळखीचे सगळे कागद उचलून आपल्या कुलपांच्या दुकानातल्या तिजोरीत ठेवले. शुक्रवार गेला, नोकरी गेली. चार महिन्यांनी कागद जेवणाच्या टेबलावर आणून टाकले, तशी तू त्याच दिवशी मिळेल ती नोकरी धरून निघालीस. बापाशी बोलत नाहीस ते समजतं. माझा गुन्हा काय, तर म्हातारं बोट.

खाली अंगठा लावलाय. शाई दुकानाच्या शिक्क्याची आहे.

आजी


१७ फेब्रुवारी, मंगळवार

ठिणगे,

पत्र वाचून तू ऑफिसात सगळ्यांना बोलावून हसली असशील. हस. तो कोड दहा मिनिटं जगतो म्हणे. दहा मिनिटं! आणि पोस्टानं पत्र पोचायला आठ दिवस. मी तुझ्याकडे दहा मिनिटांचं बाळ आठ दिवसांच्या वाटेनं मागत होते.

मी दुकानवालीला म्हटलं, बाई, तुला ठाऊक होतं तर तेव्हाच का बोलली नाहीस? ती म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना, मधे डोकं घालायचं नाही. अशी आज्ञाधारक माणसं फार धोक्याची. तुझ्या आईला ती लग्न होऊन आली तेव्हा मी हेच सांगितलं होतं, की आपलं डोकं चालवू नकोस. तिनं तीस वर्षं चालवलं नाही, आणि नेमकं जेव्हा तुझ्या बाजूनं चालवायला हवं होतं तेव्हाही चालवलं नाही. शिकवलेलं असं कुठेतरी उगवतं.

म्हणजे आता असं, की तुला फोन करावा लागेल. मला करू नकोस, माझ्याकडे फोनच नाही. दुकानाच्या नंबरवर कर. मंगळवारी अकरा ते एक मी इथेच असते. तू आकडे बोलायचेस, ही दाबणार, झालं. दहा मिनिटांतलं अर्धं मिनिटसुद्धा लागणार नाही. उरलेल्या साडेनऊ मिनिटांत बोलायची सक्ती नाही.

मात्र एक गोष्ट कळली आणि मी खूश झाले. मला ब्लॉक केलंस, पण कोड मी पाठवत नाही, कंपनी पाठवते. कंपनीला ब्लॉक करशील तर तुझीच कामं अडतील. म्हणून दर मंगळवारी साडेअकराला मी हिला बटण दाबायला लावते. तुझ्या खिशात घुर्र होतं की नाही? ती मी. दार वाजवतेय. पाहिजे तर उघडू नकोस, पण दारावर कोण आहे ते तुला कळतं, एवढं मला पुरतं. पुरत नाही, पण म्हणायची पद्धत आहे.

घरचं ऐक, ऐकायचं नसेल तर वाक्यं गाळत वाच, तेवढी सोय कागदात आहे. तुझ्या बापानं दुकानाला नवं कुलूप लावलं, फोननं उघडणारं. पंधरा दिवस गावाला दाखवत होता. सोळाव्या दिवशी सकाळी फोनची बॅटरी संपली. लोकांची कुलपं उघडून देणारा माणूस आपल्याच शटरपुढे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चार्जर मागत होता. मी वरून खिडकीतून बघत होते. चार्जर घरात होता. नेऊन दिला नाही. किल्ली एक साधी असावी जवळ, लोखंडाची, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण अडाणी बाईचं कोण ऐकतं.

तुझ्या आईनं फोनच्या पडद्यावर तुझा फोटो लावलाय. आणि त्यावर इतकी चित्रं मांडून ठेवलीत, वीजबिलाचं, हवामानाचं, कसलं कसलं, की तुझा एक कान तेवढा दिसतो. मी म्हटलं, बाजूला सार की ती. म्हणते, जागा नाही. सारली तर रोज तुझ्या डोळ्यांत बघावं लागेल, हे न कळण्याइतकी मी म्हातारी नाही.

अकरा ते एक. मंगळवार.

आजी


१० मार्च, मंगळवार

ठिणगे,

दोन मंगळवार फोन आला नाही. तिसरा आजचा, आणि आज निराळंच झालं. ते जसं झालं तसं सांगणार आहे, कारण लिहिणारी म्हणते, नाहीतर मी लिहायची नाही.

मी तिला सांगायला सुरुवात केली, की लिही, बोट घसरलं म्हणून एवढी शिक्षा कुणी कुणाला देतं का, चोर सोडून संन्याशाला सुळी. तिनं पेन खाली ठेवलं. चष्मा डोळ्यांवरच होता, त्यामुळे शोधायचा बहाणा नव्हता. टेबलावरचा एक दुरुस्त झालेला फोन घेतला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “आजी, एक निरोप दुसरीकडे पाठवून दाखवा.”

मी म्हटलं, मला काय येतंय.

ती म्हणाली, “मी सांगते, तुम्ही करा. निरोपावर बोट दाबून धरा. नुसतं टेकवून नाही, धरून ठेवा. आता वर बाण आलाय, तो दाबा. आता यादी आली, त्यात हवं ते चित्र निवडा. आता खाली हिरवं गोल, ते दाबा. गेला.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “चार वेळा. बोट एकदा घसरतं, आजी. चारदा घसरत नाही.”

मी म्हटलं, तुला मधे डोकं घालायचं नाही असं ठरलं होतं.

ती म्हणाली, “ते मी घालत नव्हते, म्हणून एका पत्रात तुमची फजिती झाली. आणि तुमची नात काय करते पोटासाठी, ते विसरलात? फोनमधल्या चुका शोधते. कुठली चूक चुकून होते आणि कुठली होऊच शकत नाही, ते ओळखायचाच तिला पगार मिळतो.”

बाहेर कुणीतरी शटर वाजवून काच मिळेल का विचारत होतं. तिनं आतूनच सांगितलं, बंद आहे.

तर तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. वर्षभर मी ‘बोट घसरलं’ म्हणून निरोप पाठवत होते, एकेका रेघेचे, बरं झालं तुला पोचले नाहीत ते.

लिही बाई. सगळं लिही.

बोट घसरलं नाही. चारही वेळा मीच दाबलं. दुपारची वेळ होती, घरात मी एकटी. तुझा निरोप मी सात वेळा ऐकला. पहिल्यांदा आनंद झाला, खोटं सांगत नाही. दुसऱ्यांदा जरा नीट ऐकला. तू किती भरभर बोलत होतीस. कुठली खोली घेणार, खिडकीतून काय दिसतं, कामाला कोण कोण असणार. तुझा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता, आणि त्या एवढ्या आनंदात मी कुठेच नव्हते. तिसऱ्यांदा ऐकला तो मी कुठे आहे ते शोधायला. सापडले, अगदी शेवटी. तू म्हणालीस, आणि आजी, तुझ्या फोनचं सगळं मी खालच्या दुकानवालीला समजावून सांगितलंय, काही अडलं तर तिच्याकडे जा.

फोन दुरुस्तीला टाकावा तशी मला दुकानात टाकून निघालीस. हे मला तेव्हा वाटलं. (दुकानवाली म्हणते, त्यात वाईट काय. तिला वाईट वाटलं असावं. तिलाही टाकलीच की माझ्याबरोबर.)

तू फोन हातात देईपर्यंत माझं कसं होतं ते आठव. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, बसवर काय लिहिलंय, कागद आला तो कसला, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. तू मला चित्रं लावून दिलीस. बापाच्या नावाजागी कुलूप, डॉक्टरच्या जागी नळी, तुझ्या आईच्या जागी कुकर, तुझ्या जागी तुझा पुढचा दात पडलेला फोटो. सत्तर वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या तोंडाकडे न बघता काही केलं. निरोप ऐकताना वाटलं, हे दार उघडून ही पोरगी स्वतःच बाहेर चालली. आणि मला शाळेत कुणी पाठवलं नाही, कुठे कुणी जाऊ दिलं नाही, ते मी मुकाट्यानं सोसलं. ही कोण लागून गेली? हेही होतं त्यात. मायाच होती असं म्हणून हात धुऊन घेतले असते, पण लिहिणारी समोर बसलीय आणि तिला खोटं कळायला लागलंय.

सातव्यांदा ऐकला आणि दाबून धरलं. बाण. यादी. घरच्या ग्रुपचं चित्र जेवणाचं टेबल आहे, ते काही दुसऱ्यासारखं दिसत नाही. हिरवं गोल. मग रेघा बघत बसले. एक. दोन. निळ्या व्हायला पाचच मिनिटं लागली. तेव्हा मी निरोप परत घेता येतो का ते शोधायला लागले. येतो म्हणे, ‘सगळ्यांसाठी पुसा’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. लिहिलेलं. मला ते वाचता येत नव्हतं. खाली दुकानात येऊन विचारता आलं असतं. नाही आले.

एवढंच आहे. बोटाला माफी मागायला लावत होते, ते थांबवलं.

आजी


३१ मार्च, मंगळवार

ठिणगे,

खरं सांगितलं की माणूस बोलतो असं लहानपणी सांगत होते. तुलाही सांगितलं होतं. दोघींना फसवलं.

तीन आठवडे झाले. फोन नाही, कागद नाही. चूल पेटवून ठेवावी आणि कुणी जेवायला येऊ नये, तसा मी तो कबुलीजबाब पेटवून बसले. रागही आला, सांगून टाकते. तुझ्या बापानं कागद कोंडले, त्यानं कधी हूं केलं नाही. तुझी आई कान बघत बसलीय. मीच एकटी दर मंगळवारी जिना उतरून, गुडघे धरून, परक्या बाईपुढे स्वतःचं धुणं धुतेय, आणि तुला माझ्याच दारावर कुलूप घालायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुझा सुंभही जळलेला नाही.

दुसरी बातमी, दार आता वाजणार नाही. कंपनी वैतागली. मागच्या मंगळवारी बटण दाबलं तर पडद्यावर लाल अक्षरं आली. दुकानवालीनं वाचून दाखवलं, फार वेळा प्रयत्न झालेत, काही दिवस थांबा. मी म्हटलं, कंपनीलासुद्धा कळतं की म्हातारी पिडतेय. ती म्हणाली, तसं नाही, चोर असा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो म्हणून ते अडवतात. म्हणजे चोरच ठरले. तुझं काहीतरी चोरलं होतंच.

नवा फोन तिच्या कपाटात पडून आहे, डबासुद्धा उघडलेला नाही. खातं उघडल्याशिवाय सुरू करायचा नाही, असं मी ठरवलं होतं. कोरा फोन मला नको. कोऱ्या फोनात कुणाला कुठलं चित्र लावायचं, ते कोण बसून करणार?

आज जास्त काही नाही. गुडघ्याला विचारून थांबते.

आजी


१४ एप्रिल, मंगळवार

ठिणगे,

तुझं पाकीट आलं. तपकिरी, ऑफिसचं, पाठवणाऱ्याचं नाव नाही. तुझ्या आईनं टपालपेटीतून आणलं आणि न बघता माझ्यापुढे ठेवलं, पण ठेवताना तिचा हात पाकिटावर जरा जास्त वेळ राहिला. मी ते तिच्यापुढेच उघडलं. आत घडी घातलेला एक कागद, त्यावर सहा आकडे. वर काही नाही, खाली काही नाही. तिनं बघितले. म्हणाली, अक्षर तिचंच आहे, सात असा मधे काट मारून काढते. आणि आत निघून गेली.

वाचायला मला कुणाची गरज लागली नाही. आयुष्यातलं पहिलं पत्र, जे मी आपलं आपण वाचलं. तुला तेवढं श्रेय देते.

मंगळवारपर्यंत थांबवेना, त्याच दिवशी खाली गेले. दुकानात गर्दी होती, दुकानवालीनं सगळ्यांना ताटकळत ठेवलं. तिनं कागद हातात घेतला, आकडे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. तिला तेव्हाच कळलं होतं. पण तिनं दाबले, एकेक करून, माझ्यापुढे, कारण मी बघत होते. लाल अक्षरं आली. मी विचारलं, काय म्हणतंय? ती म्हणाली, “मुदत संपलीय म्हणतंय.”

कुठल्या तरी मंगळवारचा कोड असणार. तुझ्या फोनमध्ये ओळीनं पडले असतील, त्यातला एक उतरवून काढलास. तुला माहीत होतं तो मेलेला आहे. मी पहिल्या पत्रात काय मागितलं होतं? आकडे कागदावर लिही, पाकिटात घालून पाठव, दुसरं काही लिहू नकोस हवं तर. शब्दाला शब्द पाळलास. मी उत्तर मागितलं नव्हतं, आकडे मागितले होते. आज्ञाधारक माणसं धोक्याची असतात, हे मीच लिहून पाठवलंय तुला. जीभ माझ्यावर गेलीय तुझी, हे मी लहानपणापासून सांगत होते, पण हातही गेलाय हे माहीत नव्हतं.

आणि एक आठवलं. फोन पहिल्यांदा हातात दिलास तेव्हा तू मला काय बजावलं होतंस? आजी, कोड कुणी मागितला तर द्यायचा नाही. बँकेचा आहे म्हणाला तरी नाही, नातेवाईक आहे म्हणाला तरी नाही, रडला तरी नाही, देवानं मागितला तरी नाही. मी चांगली विद्यार्थिनी होते, कुणाला दिला नाही. तूही शिकवणीला पक्की निघालीस.

दुकानवाली म्हणाली, अजून एक वाट आहे, कंपनीला अर्ज करायचा, ओळख पटवायची, तिकडून विचारतील, कधीकधी देतात. मी नको म्हटलं. तिला समजलं नाही, म्हणून तिला सांगितलं तेच तुला सांगते. तुझे कागद तुझ्या बापाच्या तिजोरीत चार महिने होते, किल्ली माझ्यामुळे फिरली. माझे कागद म्हणजे तुझा आवाज. ते तुझ्या कुलपात आहेत, किल्ली तू फिरवलीस. एवढा सरळ न्याय कुठल्या कोर्टात मिळत नाही, आणि मी वकील लावणार नाही. कंपनी पुसेल तेव्हा पुसेल. तू तुझे कागद परत मिळाल्यावर उलगडूनसुद्धा बघितले नव्हतेस, पिशवीत घातलेस आणि निघालीस. मला निघता येत नाही, एवढाच फरक.

नवा फोन मात्र उघडला. डब्यातून काढला, कोरा, तसाच सुरू केला. चित्रं दुकानवालीनं लावून दिली. कुलूप, नळी, कुकर. तुझा दात पडलेला फोटो जुन्याबरोबर गेला. ती म्हणाली, नातीच्या जागी काय लावू? मी म्हटलं, जागा मोकळी ठेव. तर फोन स्वतःच तिथे एक करडं डोकं लावतो, डोळे-नाक नसलेलं. राहू दिलं.

मग म्हणाली, आता अंगठा टेकवा, अंगठ्यानं उघडेल. टेकवला. नाही. दुसरा टेकवला. नाही. पुसून टेकवला, फुंकर मारून टेकवला. शेवटी तिनं माझा अंगठा उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, आजी, रेघाच नाहीत, घासून गेल्यात भांड्यांनी. म्हणजे जन्मभर ज्या अंगठ्यावर माझी ओळख होती, तो आता माझाच फोन मानत नाही. पत्राखाली मी लावत होते, तो नुसता शाईचा डाग होता म्हणायचा. तुला कळलाच असेल, तू चुका शोधतेस.

तेव्हा ती म्हणाली, सहा आकड्यांचं कुलूप ठेवावं लागेल, असे सांगा जे तुम्ही विसरणार नाही आणि दुसऱ्या कुणाला सुचणार नाहीत. लोक वाढदिवस ठेवतात, ते चांगलं नाही म्हणाली, चोर आधी तेच बघतो.

मी पोलक्यातून तुझा कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

कंपनीकडे मुदत संपलेले आकडे इथे चालतात, ठिणगे. रोज सकाळी उठते आणि तुझा राग सहा वेळा दाबते, मधल्या साताला जरा थांबते, आणि फोन उघडतो. आत काही नसतं. पण उघडतो.

कुलपाचे आकडे कुणाला सांगू नयेत म्हणतात. तुला सांगण्यासारखं काही नाही, अक्षर तुझंच आहे.

मंगळवारी आता खाली जात नाही. हे शेवटचं दुकानवालीनं वर येऊन लिहून घेतलं, माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर बसून. चष्मा विसरून आली होती. कपाळावर होता.

आजी